मनाचे पथ्य

आपल्याकडे आजारी माणसाच्या समाचारास जाण्याची एक जुनी आणि चांगली चाल आहे. गल्लीत कोणी अंथरुणास खिळले, की शेजारपाजारची माणसे दिवेलागणीनंतर घटकाभर जाऊन बसतात. हातात दोन मोसंबी असतात, नाहीतर शहाळे असते. खाटेपाशी टेकल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आता बरं आहे ना?" खाटेवरचा माणूस "हो, बरं आहे" म्हणतो, मग पावसापाण्याच्या गोष्टी निघतात, चहा होतो आणि मंडळी समाधानाने घरी परततात.

ताप, गोवर, मोडलेला हात ह्यांच्या बाबतीत ह्या रिवाजात उणे काढण्यासारखे काही नाही. ही दुखणी पाहुण्यासारखी येतात आणि जातात. आज बरे नसले तरी आठ-पंधरा दिवसांनी बरे वाटणारच असते. परंतु काही दुखणी अशी असतात, की ती एकदा घरात आली म्हणजे बिऱ्हाड करून राहतात. मधुमेह, दमा, संधिवात, अपस्मार, मूत्रपिंडाचा विकार, अपघातात गेलेला पाय, जन्मापासून अधू असलेली दृष्टी : ह्यांच्या सोबतीने ज्याला वर्षानुवर्षे राहावयाचे आहे, त्याला "बरं आहे ना?" असे विचारले तर त्याने काय सांगावे? त्या प्रश्नाच्या शेवटी जो एक "ना" बसला आहे, त्यात उत्तर अगोदरच भरून ठेवलेले असते. माणूस "हो" म्हणतो, आणि जे सांगावयाचे असते ते गिळून टाकतो.

ह्या गिळून टाकलेल्या गोष्टीविषयी मला आज लिहावयाचे आहे. दीर्घ आजाराने वा अपंगत्वाने ग्रासलेल्या माणसाच्या शरीराची काळजी आपण यथाशक्ती घेतो. त्याच्या मनासाठी मात्र आपल्यापाशी एकच औषध असते, आणि ते म्हणजे "धीर धर" हा उपदेश. माझे म्हणणे असे आहे, की हा उपदेश सद्भावनेचा असला तरी पुरेसा नाही, आणि पुष्कळदा तो आजारी माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवतो. शरीराच्या औषधाबरोबर जसे पथ्य असते, तसे मनाचेही पथ्य असते. आणि त्यातील विशेष असा, की ते रुग्णापेक्षा त्याच्या भोवतालच्या माणसांनी अधिक पाळावयाचे असते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जन्मभर सोबत करणारे आजार आज एवढ्या घरांत दिसतात, ह्याचे एक मोठे कारण म्हणजे वैद्यकशास्त्राचे यश होय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लहान मुलास होणारा मधुमेह म्हणजे थोड्याच काळात ओढवणारा मृत्यू होता. कॅनडातील टोरांटो शहरी ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. पहिल्या खेपेचे औषध पुरेसे शुद्ध नव्हते. ते अधिक शुद्ध करून त्याच महिन्यात पुन्हा दिले, तेव्हा गुण आला. आपल्या नववीतील मुलाएवढा तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षे जगला. इन्सुलिनने मधुमेह नाहीसा केला नाही. त्याने मृत्यूस दूर सारले आणि त्याच्या जागी रोजची सुई, रोजचे रक्त तपासणे आणि रोजचा घासाघासाचा हिशेब ठेवला. हे वरदानच आहे, ह्यात शंका नाही. परंतु ज्या वरदानाची किंमत रोज सकाळी उठून मोजावी लागते, त्याचा एखादे दिवशी शीण येणे हेही तितकेच स्वाभाविक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अंमलात आली. तिच्या आरंभीच आरोग्याची व्याख्या अशी केलेली आहे, की आरोग्य म्हणजे केवळ रोग नसणे नव्हे. शरीराचे, मनाचे आणि सामाजिक जीवनाचे संपूर्ण स्वास्थ्य म्हणजे आरोग्य. त्याच संघटनेचा अलीकडचा अंदाज असा, की जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे दर सहांत एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगत आहेत आणि त्यांना नैराश्यासारखे विकार जडण्याचा संभव इतरांच्या दुप्पट आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी तेरा लाखांहून अधिक कर्नाटकातील होत्या. आपल्या शाळेच्या कोणत्याही वर्गात बसून डावी-उजवीकडे पाहावे. हा प्रश्न दूरदेशीचा नाही, हे तेव्हाच कळेल.

हा दुप्पट संभव कशामुळे? आजारी माणसे मुळात भित्री असतात, म्हणून खचित नव्हे. ज्या दुःखाला शेवटची तारीख असते ते सोसणे सोपे. ज्याला ती नसते ते अवघड. सहलीला जाणे, उपवास करणे, मैदानावर धावणे ह्या इतरांस सहज वाटणाऱ्या गोष्टी ज्याला प्रत्येक वेळी मोजूनमापून कराव्या लागतात, त्याचे मन थकते. मित्र हळूहळू बोलावणे विसरतात. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली, की "माझ्यामुळे" हा विचार डोके वर काढतो. शिवाय कित्येक आजारांचा आणि काही औषधांचा झोपेवर व चित्तवृत्तीवर प्रत्यक्ष परिणाम होतो. ह्यांपैकी एकही गोष्ट "धीर धर" म्हटल्याने नाहीशी होत नाही.

हा धडा मला पुस्तकातून मिळाला नाही. तो एका विद्यार्थिनीने शिकविला. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने ही हकीकत येथे लिहिते. नाव अर्थातच देत नाही. तिला लहानपणापासून मधुमेह आहे. मधल्या सुट्टीत डबा उघडण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेई. हे प्रथम पाहिले तेव्हा माझे मन भरून आले, आणि एके दिवशी साऱ्या वर्गासमोर मी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. "सुईला भिणाऱ्यांनो, धैर्य म्हणजे काय ते हिच्याकडून शिका," असेही म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. आपल्या हातून एक चांगले काम घडले, ह्या समाधानात मी त्या दिवशी घरी गेले.

चार-पाच दिवसांनी कळले, की ती आता इंजेक्शन घेण्यासाठी शौचालयात जाते. मी तिला एकटीला बोलावून कारण विचारले. बराच वेळ ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाई, तुम्ही मला धीट म्हणालात. आता सुई दुखली तरी मला तोंड वाकडं करता येत नाही. सगळी बघत असतात." आणि थोड्या वेळाने, "कधी कधी मला ह्या सगळ्याचा फार कंटाळा येतो. पण धीट मुलीनं ते कुणाला सांगायचं?"

मी निरुत्तर झाले. तिला मान देण्याच्या हेतूने मी तिचा एक हक्क काढून घेतला होता : दमण्याचा हक्क. ती त्या वर्गातील चाळीस मुलांपैकी एक होती. मी तिला उचलून चौथऱ्यावर उभे केले, आणि चौथऱ्यावरच्या मूर्तीला रडता येत नाही.

येथे कोणी विचारील, "मग मुलांपुढे धैर्याचे आदर्श ठेवूच नयेत काय?" अवश्य ठेवावेत. परंतु त्या आदर्शांची गोष्ट आपण अर्धीच सांगतो, अशी माझी तक्रार आहे. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. नसीमा हुरजूक ह्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. खेळात रमणाऱ्या ह्या मुलीचे कंबरेखालचे शरीर ऐन सोळा-सतराव्या वर्षी लुळे पडले. पुढे त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली कोल्हापुरात "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था उभी केली, आणि तिच्यामार्फत असंख्य अपंग मुलामुलींना निवारा, शिक्षण व काम मिळाले. "चाकाची खुर्ची" हे त्यांचे आत्मचरित्र वाचनालयांतून मिळते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. ही झाली गोष्टीची एक बाजू, आणि ती आपण समारंभातून नेहमी सांगतो.

दुसरी बाजू अशी. आजारानंतरच्या त्या पहिल्या दिवसांत ही मुलगी निराशेने पुरती ग्रासली होती. तिला त्या निराशेतून वर काढले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. बंगलोर येथे तिची गाठ बाबूकाका दिवाण ह्या गृहस्थांशी पडली. त्यांचेही कंबरेखालचे शरीर लुळे होते, आणि तरीही ते चाकाच्या खुर्चीवरून आपला उद्योगधंदा सांभाळीत होते. आपल्यासारखाच एक माणूस हिंडतो आहे, फिरतो आहे, व्यवहार करतो आहे, हे तिने डोळ्यांनी पाहिले. ह्या भेटीचे मर्म मला असे वाटते, की त्या मुलीपुढे कोणी देवमाणूस उभा राहिला नाही. एक कामकाजी माणूस उभा राहिला. "तू शूर हो" हे सांगणे निराळे आणि "हे बघ, असेही जगता येते" हे दाखविणे निराळे. पहिल्याने मन दबते. दुसऱ्याने ते मोकळे होते.

बाबा आमटे ह्यांचीही गोष्ट आपण अशीच अर्धी सांगतो. कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणाऱ्या ह्या पुरुषाला पुढे मणक्याच्या दुखण्याने असे जखडले, की बसणे अशक्य झाले. एकतर उभे राहावयाचे, नाहीतर आडवे व्हावयाचे. अशा स्थितीत १९८५-८६ साली त्यांनी तरुणांना घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत "भारत जोडो" यात्रा काढली. तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनात आडवे पडून प्रवास करीत होते. आपण म्हणतो, "केवढे हे मनोधैर्य!" ते खरेच आहे. परंतु त्या वाहनात बिछाना कोणी घातला, तो कोणी ओढला, साधनाताईंनी किती वर्षे काय केले, आनंदवनातील माणसांनी त्यांना कसे सावरून धरले, हे आपण सांगत नाही. मनोधैर्य एकट्याच्या छातीत आपोआप उगवते, असा समज मुलांच्या मनात त्यामुळे दृढ होतो; आणि ज्याच्या छातीत ते एखादे दिवशी सापडत नाही, तो स्वतःलाच दोष देऊ लागतो.

आता आपल्या अगदी जवळचे पाहू. निपाणी तंबाखूचे गाव. येथील वखारींतून आणि घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी तंबाखू कुटली, चाळली, विड्या वळल्या. तंबाखूच्या धुळीने खोकला जडतो, चक्कर येते; तासन्‌तास वाकून बसल्याने मान आणि कंबर धरते. ह्यांपैकी कोणा बाईस "मनाला कसे वाटते?" असे कोणी कधी विचारले असेल, असे मला वाटत नाही. ती स्वतःही तसे सांगत नाही. ती सांगते, "अंग मोडून येतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही, छातीत धडधडतं." मनोविकारतज्ज्ञ सांगतात, की मनाचे दुखणे अनेकदा अशाच शरीराच्या भाषेत बोलते. सन १९८० च्या सुमारास निपाणीतील तंबाखू कामगार स्त्रिया संघटित होऊन रस्त्यावर आल्या, ही आपल्या भागाच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या मागण्या मजुरीच्या आणि माणुसकीच्या वागणुकीच्या होत्या. पण जी बाई आपल्या कोपऱ्यात एकटी खोकत होती, तिला हजारो बायका आपल्यासारख्याच आहेत हे त्या वेळी दिसले असेल, आणि हे दिसणेही एक औषध आहे, असे मी मानते. समदुःखी माणसांची संगत हे मनाच्या पथ्यातील पहिले अन्न होय.

आमच्या सीमाभागात ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो भाषेचा आहे. येथे मराठी, कानडी, कोंकणी आणि उर्दू अशा चार भाषा एका बाजारात नांदतात, व व्यवहार कोणाचाही अडत नाही. शरीराच्या दुखण्यापुरतेही तसे अडत नाही. दुखते त्या जागी बोट ठेवले, की डॉक्टरांना कळते. मनावर मात्र बोट ठेवता येत नाही. ते दाखविण्यास शब्दच लागतात, आणि तेही आईच्या भाषेतले.

माझ्या घरची भाषा कोंकणी. आमच्याजवळ राहणाऱ्या माझ्या एका मावशीला सांध्यांचा जुनाट विकार होता. तिची बोटे वाकडी झाली होती; वेणी घालणे, पोळपाटावर पोळी लाटणे, लुगड्याची निरी काढणे, एकेक काम तिच्या हातून सुटत गेले. तिला धड मराठी येत नसे आणि कानडीतील एकच शब्द येई : "नोवू", म्हणजे दुखणे. दवाखान्यात तिच्याबरोबर दुभाषी म्हणून मी जात असे. तेव्हा मी शाळेत शिकत होते. डॉक्टर विचारीत, "कुठं दुखतं?" मावशी हात पुढे करून म्हणे, "नोवू." मी तारीख, गोळ्या आणि पथ्य लिहून घेई. एके संध्याकाळी परतताना बसथांब्यावर ती मला म्हणाली, "जिवाक वाज आयला गो." जिवाला वीट आला, असा त्याचा अर्थ. पुढच्या खेपेस डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले, मावशीने नेहमीप्रमाणे हात पुढे केला, आणि मी नेहमीप्रमाणे सांध्यांविषयी सांगितले. बसथांब्यावरचे ते वाक्य मी सांगितले नाही. मला ते आजाराचे लक्षण वाटलेच नाही. म्हातारी माणसे असे बोलावयाचीच, असे वाटले. दुभाष्याने गाळलेले ते एक वाक्य होते, आणि त्या दहा-बारा वर्षांत मावशीने सांगितलेले तेच कदाचित सर्वांत महत्त्वाचे वाक्य होते. मावशी आता नाही. हा लेख लिहिण्यास मी बसले, त्याचे एक कारण ते गाळलेले वाक्य आहे.

वाईट वाटणे आणि नैराश्याचा विकार होणे ह्यांत भेद आहे, हेही येथे सांगणे जरूर आहे. सणाच्या दिवशी गोड खाता आले नाही म्हणून मुलगी हिरमुसली, पाय दुखतो म्हणून आजोबा चिडले, हा विकार नव्हे. ते मनाचे ऊन-पाऊस होत. परंतु दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोजच मन खिन्न राहिले, आवडीच्या गोष्टींतील गोडी गेली, झोप आणि भूक बिघडली, औषध घेण्याचाही कंटाळा येऊ लागला, आपण कोणाच्या उपयोगाचे नाही असे सतत वाटू लागले, तर ते आजाराचे लक्षण समजावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. एखाद्याने "जगणं नको वाटतं" असा शब्द उच्चारला, तर तो थट्टेवारी नेऊ नये, रागे भरू नये व त्या माणसाला एकटे सोडू नये. मुलांनी असे काही मित्राच्या तोंडून ऐकले, तर ते गुपित म्हणून न ठेवता त्याच दिवशी वडीलधाऱ्या माणसास किंवा शिक्षकांस सांगावे. ही चुगली नव्हे. हे मित्रकर्तव्य आहे.

उपचार मिळतात, आणि ते आपल्या आवाक्याबाहेर नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ साली देशभर केलेल्या पाहणीत असे दिसून आले, की दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. ह्याच संस्थेने १९८५ च्या सुमारास आपल्या राज्यातील बळ्ळारी जिल्ह्यात मानसिक आरोग्यसेवा गावोगावच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत नेण्याचा प्रयोग केला, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात सुरू झाला. तेव्हा सरकारी रुग्णालयात ह्याविषयी चौकशी करण्यास संकोच वाटू देऊ नये. बेळगावहून दीड-दोन तासांवर धारवाडला ह्याच कामास वाहिलेली मोठी सरकारी संस्था आहे. ज्याला प्रवास शक्य नाही त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून "टेलिमानस" ही दूरध्वनी सेवा चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि मराठी, कानडी ह्यांसह अनेक भाषांत बोलता येते. आपल्या भाषेत ऐकणारे माणूस तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे, हे माझ्या मावशीच्या वेळी नव्हते, आज आहे.

कायदाही आता सोबतीस आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो; त्यांत हालचालीचे, दृष्टीचे व श्रवणाचे दोष आहेत, तसेच थॅलसेमिया, हिमोफिलियासारखे रक्ताचे विकार आहेत आणि मानसिक आजारही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. परंतु कायदा दार उघडून देतो. रुग्णाचा हात धरून त्या दारापर्यंत नेण्याचे काम घरच्या माणसांचे असते.

मग घरात आणि शाळेत करावयाचे तरी काय? माझ्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचविते. पहिली, आजाराविषयी आजारी माणसाशी खरे बोलावे. मुलांना आपल्या दुखण्याची समज असते. मोठी माणसे दाराआड कुजबुजली, की त्यांची भीती वाढते. दुसरी, काम काढून घेऊ नये. हात अधू झालेल्या आजीला भाजी निवडता येत नसेल, पण नातवंडांचा पाढा ऐकता येतो. आपल्यावाचून घरातील एखादी गोष्ट अडते, हे जाणवणे मनाला टॉनिकासारखे असते. तिसरी, जो शुश्रूषा करतो त्याचीही चौकशी करावी. बहुधा ती घरातील एखादी बाई असते, आणि तिच्या मनाचा विचार तर सर्वांत शेवटी होतो. आठवड्यातून एक दुपार तिला मोकळी मिळावी, एवढी व्यवस्था एकत्र कुटुंबात खचित होऊ शकते. चौथी, तक्रार ऐकून घ्यावी आणि लगेच उपाय सांगू नये. ऐकणे हीही शुश्रूषाच आहे.

आमच्या वर्गात आम्ही काय केले तेही सांगते. त्या मुलीशी बोलून शिक्षकांच्या खोलीत पडद्याआड एक टेबल व खुर्ची ठेवली. इंजेक्शन तेथे घ्यावे, की वर्गात बाकावर, हे तिने ठरवावयाचे. वर्गाच्या कपाटात ग्लुकोजची पुडी आणि साखर ठेवली, कारण इन्सुलिन घेणाऱ्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली तर हातपाय थरथरतात, घाम येतो, मन भ्रमिष्टासारखे होते, आणि तेव्हा ताबडतोब गोड देणे आवश्यक असते. हे लक्षण ओळखावयास सर्व मुले शिकली. ज्या दिवशी तिला कवाईत नको असेल त्या दिवशी तिने कारण सांगण्याची गरज नाही. टाळ्या पुन्हा वाजविल्या नाहीत. काही आठवड्यांनी ती आपण होऊन बाकावरच इंजेक्शन घेऊ लागली; एकदा सुई जोरात लागली तेव्हा "आई गं!" म्हणून ओरडली, शेजारची मैत्रीण "बघू बघू" म्हणाली, आणि दोघी डबा खाऊ लागल्या. तो "आई गं!" ऐकून मला जेवढा आनंद झाला तेवढा पूर्वीच्या टाळ्यांनी झाला नव्हता.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काहीजण स्वतःच एखाद्या दीर्घ दुखण्याची सोबत करीत असतील. त्यांना मी एवढेच सांगेन, की दमणे म्हणजे हरणे नव्हे, आणि मदत मागणे हा कमीपणा नव्हे. बाकीच्यांना माझी एक लहानशी विनंती आहे. ह्यापुढे कोणाच्या समाचारास जाल तेव्हा प्रश्नाच्या शेवटचा तो "ना" घरीच ठेवून जा. "आज कसं वाटतंय?" एवढेच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर यावयास कधी कधी वेळ लागतो. तेवढा वेळ खाटेपाशी बसून राहणे, हेच मनाचे पथ्य सांभाळणे होय.